गाडीच्या पोटाखालची जागा

गतिरोधक कसा असावा याचं आपल्याकडे लेखी प्रमाण आहे, असं सांगितलं तर रोज गाडी चालवणारा माणूस हसेल. पण ते आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच ते घालून दिलं. उंची दहा सेंटिमीटर, प्रवासाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, पाठीची गोलाई सतरा मीटर त्रिज्येची. ताशी पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला त्यावरून सुखाने पार होता यावं, हा त्यामागचा हिशेब.

आता पोर्शे ९११ घ्या. जमिनीपासून तिचं पोट अकरा-बारा सेंटिमीटर उंच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.४५ मीटर, म्हणजे प्रमाणातल्या गतिरोधकाच्या रुंदीपेक्षा कमी. त्यामुळे चारही चाकं एकाच वेळी उंचवट्याच्या पाठीवर चढतात आणि गाडी सगळीच्या सगळी वर उचलली जाते. भूमितीचं साधं सूत्र लावलं तर पोटाच्या मध्यावर जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा खर्ची पडते. सात सेंटिमीटर शिल्लक राहतात आणि दोन कोटींची गाडी अंगावर ओरखडाही न उठता पुढे जाते.

गावातला ब्रेकर मात्र असा नसतो. काम उरकल्यावर उरलेल्या डांबराचा तो होतो, किंवा एखादं पोर गाडीखाली आल्यावर चिडलेली माणसं रातोरात सिमेंट-मुरूम टाकून तो घालतात. रुंदी दोन फूट, उंची वीतभर नाही तरी पंधरा सेंटिमीटर सहज. पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. पुढची चाकं तो ओलांडून उतरलेली, मागची अजून चढायची, आणि मधोमध पंधरा सेंटिमीटरचा कडा. गाडी बसते. काही महागड्या गाड्यांना बटण दाबताच नाक चार सेंटिमीटर उचलण्याची सोय असते, पण नाक उचललं तरी मधल्या पोटाला त्यातला अर्धाच लाभ मिळतो.

स्पोर्ट्स कार रोज वापरता येते का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण गाडीत शोधतात. इंजिन, मायलेज, डिकीची जागा, पाठीचं दुखणं यांची चर्चा होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातलं वडनेर भोलजी हा प्रश्न तपासायला फार सोयीचं गाव आहे, कारण तिथून पाहिलं की गाडी मागे पडते आणि रस्ता पुढे येतो. गाव आहे जुन्या राष्ट्रीय महामार्ग सहावर, नव्या क्रमांकाने त्रेपन्नवर. हजिरा-सुरतेहून निघून धुळे, जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर असं करत थेट पूर्व भारताकडे जाणारा हा रस्ता. देशाच्या एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला नेणारे ट्रक आणि मलकापूरच्या बाजाराला निघालेला कापसाचा ट्रॅक्टर यांची गाठ याच डांबरावर पडते.

समजा इथल्या एखाद्या माणसाने ९११ घेतली. लग्नात मिरवायला नव्हे, रोजची गाडी म्हणून. सकाळी पोराला शाळेत सोडायचं, दुपारी मलकापूर स्टेशनवरून पाहुणा आणायचा, आईला नांदुऱ्याच्या दवाखान्यात दाखवायचं, संध्याकाळी जिनिंगवर चक्कर. पहिल्याच थांब्यावर टपरीवरून विचारणा होईल, ‘‘भाऊ, लीटरले किती देते?’’ प्रश्न चेष्टेचा नाही. रोजची गाडी म्हणजे हिशेबाची गाडी, हे विचारणाऱ्याला बरोबर कळलेलं असतं. उत्तर दहाच्या आतबाहेर येईल आणि त्यावर टपरी गप्प बसणार नाही.

या गाड्यांचं कूळ शेतीशी पार तुटलेलं नाही. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाला. १९४८ पासून इटलीत तो ट्रॅक्टर बनवत होता आणि १९६३ साली मोटारींच्या धंद्यात उतरला. पोर्शेच्या नावाचेही लाल ट्रॅक्टर जर्मनीत १९५६ पासून बनत. ते बंद झाले १९६३ सालीच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ लोकांसमोर आली. म्हणजे नांगराच्या बाजूने एक घर बाहेर पडत होतं आणि दुसरं तिथूनच नवा डाव मांडत होतं. ९११ चा मूळ बेत गमतीदार होता. शर्यतीची ताकद हवी, पण मागे दोन मुलं बसतील अशी चिमुकली आसनंही हवीत. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने ती शनिवारी ट्रॅकवर न्यावी आणि सोमवारी परत कचेरीच्या दारात लावावी. त्यानंतर होंडाने १९९० साली एनएसएक्स आणली. तिची घडण ठरवण्यात आयर्टन सेन्नासारख्या जगज्जेत्याचा हात होता, पण तिची खरी कीर्ती झाली ती दिवसेंदिवस कुरकुर न करता चालण्याबद्दल. अशी गाडी सकाळी चावी फिरवताच सुरू होते, वाहतुकीत तापत नाही आणि काचांतून बाहेरचं नीट दिसतं, हे तोवर फार कमी जणांना खरं वाटत होतं.

रोज वापरण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र एका विनोदी नटाचं आहे. ‘मिस्टर बीन’ म्हणून आपल्या घराघरांत ठाऊक असलेला रोवन ॲटकिन्सन मॅकलॅरेन एफ वन चालवायचा. मधोमध चालकाचं आसन आणि दोन्ही बाजूंना थोडं मागे एकेक प्रवासी, अशी ती गाडी. जगात एकूण शंभराच्या आसपासच बनल्या. इतर अनेक मालकांनी त्या वातानुकूलित खोल्यांत झाकून ठेवल्या. ॲटकिन्सनने एक्केचाळीस हजार मैल फिरवली, बाजारहाटाला नेली, दोनदा ठोकली. दुसऱ्या अपघाताची दुरुस्ती विमा कंपनीला नऊ लाख दहा हजार पौंडांना पडली. तरीही २०१५ साली ती गाडी ऐंशी लाख पौंडांच्या घरात विकली गेली. ‘जपून ठेवली तरच किंमत राहते’ म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरेसं आहे.

उभी गाडी खराब होते, हे तर यंत्राचंच म्हणणं आहे. टायर एका जागी दबून चपटे पडतात, बॅटरी उतरते, रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. वडनेर भोलजीत त्यात आणखी एक भर पडेल. ज्या घरात सोयाबीन आणि सरकीची पोती रचलेली असतात त्या घरात उंदीर असतात आणि उंदराला वायरीच्या आवरणाची गोडी असते. बंद शेडमधल्या महागड्या गाडीचा खरा शत्रू खड्डा नव्हे, घूस आहे.

आपल्याकडे या गाड्यांना रोजचं आयुष्य मिळालंच नाही. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकोणतिसावं कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली मायकेल शूमाकरच्या हातून, सिल्व्हरस्टोनला. गाडी देशात आली ती वाद घेऊनच. सरकारने माफ केलेलं १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर फियाटने भरलं. पुढची वर्षं ती लाल गाडी मुंबईत निघायची तीही रस्ते रिकामे असताना, कारण दिवसा तिच्याभोवती जत्रा भरली असती. २०११ मध्ये ती सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. सुरत, म्हणजे वडनेर भोलजीवरून जाणाऱ्या रस्त्याचं पश्चिमेचं टोक. तिच्यावरून पुढे सिनेमाही निघाला. देवाची पालखी निघावी तशी ती निघायची. तिला कुणी रोजची गाडी म्हटलं नसतं.

दुसरं उदाहरण मराठवाड्यातलं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेतल्या उद्योजकांनी, डॉक्टर-वकिलांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा तो व्यवहार, स्टेट बँकेचं सवलतीच्या व्याजाचं कर्ज, देशभर बातम्या. मुंबई-पुण्याबाहेरही पैसा आहे हे दाखवायचं होतं आणि ते दाखवून झालं. त्यात वाईट काही नव्हतं. गाड्या मात्र आल्या त्याच रस्त्यांवर, आणि शहराचे रस्ते मर्सिडीज आल्या म्हणून सुधारले असं काही त्या शहराचे नागरिक म्हणणार नाहीत.

मराठी मुलखाजवळ स्वस्त वाटही शोधून झाली आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, छप्पर उघडणारी गाडी तयार होऊ लागली. इंजिन १.२ लिटरचं, अंग फायबरचं. वेग बेताचा, पण वाऱ्यात केस उडायचे. ती चालली नाही. दिलीप छाब्रिया यांची अवंतीही गाजली आणि विरून गेली. भारतीय ग्राहकाला दोन आसनांची गाडी कधी पटलीच नाही, कारण आपली गाडी एका माणसाची नसते. तीत सासूबाई असतात, दोन पोरं असतात आणि गावाकडून आलेलं तांदळाचं पोतं असतं.

मग पैसेवाल्याने काय केलं? त्याने उंची विकत घेतली. पोर्शेची कायेन २००२ मध्ये आली तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली, पण कंपनी तगली ती तिच्यावर. लॅम्बोर्गिनीची उरुस आली आणि कंपनीच्या विक्रीतला मोठा वाटा तिचा झाला. पुढे या कंपन्यांनी स्पोर्ट्स कारलाच उंच टाचा दिल्या. ९११ डकार नेहमीच्या ९११ पेक्षा पाच सेंटिमीटर उंच, लॅम्बोर्गिनीची हुराकान स्टेराटोही तशीच. नांदुरा-मलकापूर पट्ट्यात पैसा आला की स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, थार येते, ती याच कारणाने. ब्रेकर कसाही असो, खड्डा केवढाही असो, वरून निघून जायचं.

उंच गाडी म्हणजे रस्त्यावरची खासगी बोअरवेल. नळाला पाणी येत नाही म्हणून अंगणात बोअर मारली की ग्रामपंचायतीच्या टाकीशी आपलं देणंघेणं संपतं. तशी मोठ्या चाकांची गाडी दारात आली की चुकीच्या ब्रेकरबद्दल तक्रार करायचं कारण उरत नाही. गावात ज्याचा शब्द चालतो, ज्याचा फोन कार्यकारी अभियंत्याकडे उचलला जातो, नेमका तोच माणूस रस्त्याच्या दुखण्यातून बाहेर पडतो. मागे उरतात ते लूनावर गॅसची टाकी बांधलेले, सायकलवर दुधाच्या किटल्या लावलेले आणि ॲपेमध्ये बसून बाळंतपणाला निघालेली बाई. त्यांच्या पाठीच्या कण्याला ब्रेकरची उंची तेवढीच लागते जेवढी ९११ च्या पोटाला. फरक इतकाच, की ९११ चा धक्का बिलात उतरतो.

म्हणूनच, ऐकायला विचित्र वाटलं तरी, बसक्या स्पोर्ट्स कारचा रोजचा वापर हा उंच एसयूव्हीपेक्षा सार्वजनिक हिताच्या जवळचा आहे. बसकी गाडी रोज चालवणाऱ्याला गावाचा रस्ता सोडून पळता येत नाही. प्रत्येक ब्रेकरची उंची, प्रत्येक साइडपट्टीचा खड्डा त्याला ठाऊक होतो. गाडीच त्याला सगळ्यांच्या वेगावर आणून ठेवते. पुढे बैलगाडी, बाजूला डांबरावर वाळत घातलेली तूर, समोरून चुकीच्या बाजूने येणारी मोटारसायकल. चारशे अश्वशक्ती असली काय आणि चाळीस असली काय, वेग तीसच.

यावर पुण्याचं नाव निघणारच, आणि निघायला हवं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकानने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, अशी नोंद आहे. सुरुवातीला त्याला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला गेला आणि राज्यभर संताप उसळला. त्या गोंधळात एक तपशील मागे पडला. त्या महागड्या गाडीची पक्की नोंदणीच झालेली नव्हती आणि थकलेलं शुल्क होतं १,७५८ रुपये. विजेवरची गाडी म्हणून वाहनकर माफ, उरली ती एवढीच रक्कम. या तपशिलात पैशापेक्षा वृत्ती दिसते. ज्या गाडीला नंबर नाही ती रोजच्या रस्त्याची गाडी नव्हतीच. दिवसाची वाहतूक, सिग्नलवरचा पोलीस, शाळेच्या वेळेची गर्दी यांच्याशी तिची फारशी गाठ पडली नसावी. ती रात्रीची होती, मौजेची होती. स्पोर्ट्स कारचा धोका तिच्या रोजच्या वापरातून कमी आणि अशा सुटीच्या वापरातून जास्त येतो. सणाला बाहेर काढलेल्या गाडीला वेग दाखवायचाच असतो, नाहीतर ती काढली कशाला?

‘म्हणजे सोमवारी सभ्य असलेला माणूस रविवारीही सभ्यच राहील का?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला पुरतं उत्तर नाही. रोज तीसने चालवून कंटाळलेला चालक मोकळा रस्ता दिसताच पाय दाबेल. बुलढाणा जिल्ह्यात तसा रस्ता आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांतून जातो; नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये, एकूण ७०१ किलोमीटर. तिथेही मोटारींची मर्यादा १२० ची आहे. तेवढा वेग साधी मारुतीही गाठते. ९११ त्या मर्यादेत राहिली तर तिच्या गतिमापकाचा निम्म्याहून अधिक भाग कोराच राहतो. आणि समृद्धीवरच्या मृत्यूंचा इतिहास स्पोर्ट्स कारचा नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे पंचवीस माणसं जळून गेली ती खासगी प्रवासी बसमध्ये. वेगापेक्षा थकवा, झोप आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर फुटणारे जुने टायर यांनी तिथे जास्त माणसं मारली असावीत, असं त्या रस्त्यावरून दुपारी गेलेल्या कुणालाही वाटेल.

गाडी चालवण्याचा खरा आनंद हवा असेल तर वडनेर भोलजीच्या माणसाला समृद्धीपर्यंत जायचीही गरज नाही. मलकापूरहून मोताळ्यावरून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट आहे. पावसाळ्यात हिरवागार, वळणावळणाचा. चांगल्या स्पोर्ट्स कारचं कसब ताशी दोनशेवर नव्हे, अशा वळणावर पन्नासने जाताना कळतं. स्टिअरिंग हाताला काय सांगतं, वजन कसं एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला सरकतं, ब्रेक किती हलका पुरतो. अट एकच, समोरच्या वळणावरून एसटी येत असणार हे धरून चालायचं.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक बोचरा. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तिथे दोन कोटींची गाडी रोज डोळ्यांसमोरून जावी का? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने ९११ ची किंमत होते अडीच हजार क्विंटलच्या जवळपास कापूस, तोही वेचणीची मजुरी, बियाणं, फवारणी न धरता. राज्याने १ जुलै २०२५ पासून एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली. त्याच्या वर गाडी कितीही महाग असो, कर तेवढाच. दुचाकी घेणाऱ्याला अशी कमाल मर्यादा कधी उपयोगी पडत नाही. हा भेद चुकीचा आहे आणि तो काढून टाकायला हवा. पण आक्षेप गाडीच्या रंगारूपावर घ्यायचा आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या, तितक्याच किमतीच्या तीन एसयूव्हींवर घ्यायचा नाही, यात न्याय कमी आणि सवय जास्त आहे. पांढरी उंच गाडी पुढाऱ्याची म्हणून खपते, पिवळी बसकी गाडी मात्र माज ठरते.

व्यवहारात मात्र वडनेर भोलजीचा हा काल्पनिक मालक हरेल, आणि ब्रेकरपेक्षा अंतरामुळे हरेल. मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या घरात. तिथल्या सर्व्हिस सेंटरला पोहोचायला गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी लागेल, कारण साध्या टोइंगला ती लटकवता येत नाही. कमी उंचीचा टायर फुटला तर महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचा दुसरा नसणार, आणि डिकीत स्टेपनी ठेवायला या गाड्यांना जागाच नसते. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने आणलं ते मुंबई-पुण्यासारख्या दहा शहरांत. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू एअर फिल्टर आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतील ते वेगळंच.

रस्ता मात्र सुधारू शकतो, याचा पुरावा याच महामार्गावर आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या टप्प्यात पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. आधीचा कंत्राटदार गाळात गेल्यामुळे हेच चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं होतं. कामाचे तुकडे पाडून ते नव्याने दिलं गेलं. त्यातला नांदुरा ते चिखली हा तुकडा वडनेर भोलजीचा. (ही चिखली म्हणजे बुलढाण्यापलीकडचं तालुक्याचं गाव नव्हे, मलकापूरकडची.) पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर अंथरणाऱ्या यंत्रणेला गावाच्या फाट्यावर ३.७ मीटर रुंदीचा एक उंचवटा मापात घालता येत नाही, असं कोण म्हणेल? तो घातला जात नाही, कारण मापात नसल्याबद्दल कुणाला काही भरावं लागत नाही.

ते थोडं बदलण्याची चिन्हं आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवून, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती रक्कम दोषी कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची आहे. बेमाप ब्रेकरवर आदळून दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या घरच्यांनी आता हा आदेश हातात घेऊन दाद मागायला हवी. तसा अर्ज करायला टेप, फोटो आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाचा क्रमांक लागेल. तो क्रमांक आहे आयआरसी ९९.